उंच इमारती कशावर उभ्या असतात



आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत आजवर कवी बोलले, कीर्तनकार बोलले, इतिहासाचे अभ्यासक बोलले. यंदा एका इंजिनियरला उभे केले आहे. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटले, ‘अहो, माझे सारे लेखन म्हणजे सळ्यांचे तक्ते.’ ते म्हणाले, ‘मग तेच वाचून दाखवा, निदान कोणी उसने घेतले असे म्हणणार नाही.’ तेव्हा आता तक्रार करायची असेल ती त्यांच्याकडे करावी.

मी इथलाच. पणजोबांनी चिऱ्यांनी बांधलेल्या घरात वाढलो, डिचोलीला शिकलो आणि पुढची सदतीस वर्षे मुंबईत इमारतींचे सांगाडे मांडण्यात घालवली. आर्किटेक्ट घर कसे दिसेल ते ठरवतो. ते उभे कसे राहील ते आम्ही ठरवतो. त्याचे नाव पाटीवर असते, आमचे नाव नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, आणि ते शोधायची वेळ येते तेव्हा बहुधा काहीतरी वाईट घडलेले असते.

विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आमच्या वहिनींनी दिला. दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. त्यांच्या मुलाने ठाण्याला एकतिसाव्या मजल्यावर घर घेतले. गेल्या पावसाळ्यात त्या तिथे राहायला गेल्या. एका रात्री वारा सुटला आणि न्हाणीघरातल्या बादलीतले पाणी आपोआप हलताना त्यांनी पाहिले. देव्हाऱ्यापुढचा टांगलेला दिवा हलला. तिसऱ्या दिवशी त्या गाडी धरून परत आल्या. मला म्हणाल्या, ‘भावजी, घर हलते म्हणजे काय? मुलगा म्हणतो, असेच असते. असेच असते म्हणजे काय?’

मी घाईत म्हणालो, ‘वहिनी, हलते म्हणूनच ते उभे आहे.’ त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेने मला हे व्याख्यान द्यायला लावले.

उंच बांधकाम गोव्याला नवे नाही. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा जो मोडका मनोरा उभा आहे, तो मूळचा ४६ मीटर उंच. आजच्या हिशेबाने पंधरा मजल्यांची इमारत झाली, आणि ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जांभ्या दगडात चढवायला घेतलेली. एक सळई नाही, सिमेंट नाही. हा मनोरा कशावर उभा राहिला? नुसत्या वजनावर. चिऱ्यावर चिरा ठेवला की खालचा दाबला जातो, आणि दाब सोसण्यात दगड पटाईत. पण दगडाला ताण सोसत नाही. चिऱ्याची भिंत बाजूने ढकला, एका अंगाला सांधा उघडतो आणि ती उलथते. म्हणून जुने गवंडी भिंत इतकी जाड नि जड करत की वारा कितीही ढकलो, सांधा उघडूच नये. आपल्या जुन्या घरांच्या हात-दीड हात जाड भिंतींमागे गारव्याइतकेच हेही कारण आहे.

ऑगस्टिनच्या चर्चचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८३५ मध्ये ते ओस पडले. १८४२ मध्ये घुमटाकार छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडला. म्हणजे लक्ष द्यायचे सोडल्यावर सात वर्षांत छत गेले आणि शंभराच्या आत मनोरा. वाऱ्याने नाही, भूकंपाने नाही. पावसाचे पाणी आत शिरले, चुना धुपला, झाडे रुजली. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

वजनावर उभे राहण्याला एक हद्द असते. शिकागोत १८९१ साली मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत विटांच्या भिंतींवर बांधली. तळाशी भिंती सहा फूट जाड कराव्या लागल्या. तळमजल्याचे दुकान भाड्याने द्यायचे तर भिंतीनेच जागा खाल्लेली! त्याच शहरात १८८५ मध्ये होम इन्शुरन्स नावाची दहा मजली इमारत उभी राहिली होती, तिच्यात बराचसा भार भिंतींऐवजी लोखंड-पोलादाच्या सांगाड्याकडे दिला होता. भिंत नुसता पडदा झाली. आज तुम्ही जी काही उंच इमारत पाहता, काचेची असो वा विटांची, तिची भिंत पडदाच आहे. घराची हाडे वेगळी आणि कातडे वेगळे. आपल्या घरातही हे थोडेफार होतेच. राजांगणाभोवतीचे लाकडी खांब छताचा भार घेत, मधल्या मातीच्या भिंती पाडून खोली मोठी केली तरी छप्पर जाग्यावर राही. गिरगावातल्या चाळीही लाकडी सांगाड्याच्याच. आपल्यातल्या कितीतरी घरांचे कोणी ना कोणी तिथे राहिलेले आहे. त्या चाळींचे खांब सागवानी होते, पण मोऱ्यांच्या पाण्याने त्यांची बुडे कुजली.

सांगाडा आला की वजनाचा प्रश्न बराचसा सुटतो, आणि तिथेच दुसरा सुरू होतो. वाऱ्याचा.

आपल्या कुळागरातली पोफळ पाहा. बुंधा मनगटापेक्षा थोडा जाड, उंची दोन-तीन माणसांच्या कितीतरी वर. जुलैच्या वाऱ्यात ती वाकते, परत येते, पुन्हा वाकते. सगळा जोर येतो कुठे? शेंड्याला नाही, बुंध्याशी. आता हिशेब असा आहे की, वारा तोच आणि जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर बुंध्याशी मोडू पाहणारा जोर चौपट होतो आणि शेंड्याचे हलणे सोळापट. शिवाय वर जावे तसा वाराही वाढतो. म्हणून चार मजल्यांचे घर मांडणारा माणूस वाऱ्याचा फारसा विचार करत नाही, आणि चाळीस मजल्यांचे मांडणारा दुसऱ्या कशाचाच करत नाही. भारतीय मानकांच्या पुस्तकात प्रत्येक शहराचा मूळ वाऱ्याचा वेग दिलेला आहे: मुंबईला सेकंदाला ४४ मीटर, पणजीला ३९. म्हणजे ताशी साधारण १५८ आणि १४० किलोमीटर. पन्नास वर्षांत एखादवेळी येईल असा हा झोत धरून आम्ही हिशेब करतो.

या वाऱ्याला उत्तर काय? दोन उत्तरे सांगतो. पहिले म्हणजे कणा. लिफ्ट आणि जिने इमारतीच्या मध्याला घेऊन त्यांच्याभोवती जाड काँक्रीटच्या भिंतींचा एक उभा पोकळ खांब करायचा, त्याला आम्ही कोअर म्हणतो. ओणव्या वाऱ्याशी भांडण तो करतो, बाकीचे खांब मजल्यांचे वजन वाहतात. दुसरे उत्तर ढाक्यात १९२९ मध्ये जन्मलेल्या फझलूर रहमान खान या माणसाचे. त्याने शिकागोत जाऊन विचार केला की हाडे मध्यात कशाला, बाहेरच्या कडेला नेऊ. वेळू आतून पोकळ असतो, सारी ताकद सालीत, म्हणून तो हलका असून मोडत नाही. त्याने इमारतच एक पोकळ नळी केली, आणि पुढे १९७४ मध्ये पुरी झालेल्या सीअर्स टॉवरमध्ये अशा नऊ नळ्या एकत्र बांधल्या. उंची ४४२ मीटर. बंगाली माणसाला वेळू कोणी शिकवावा लागत नाही, एवढे माझे स्वतःचे मत. त्याने तसे म्हटल्याचा दाखला माझ्याकडे मागू नका.

गंमत अशी की लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन नावाची इमारत आखली तेव्हा मूळ बेत ४४२ मीटरचाच होता. विमानतळाच्या परवानगीने तो २८० वर थांबला. जिथे आपल्या कोकणातले, गोव्यातले लोक साच्यावर उभे राहून पाळ्या करत, तिथे आता हे घर. त्यावर हळहळायचे की नाही ते साहित्यिकांनी ठरवावे.

तर वहिनी, आता हलण्याचे. पन्नास मीटरच्या वरच्या इमारतींसाठी २०१७ मध्ये आपल्याकडे स्वतंत्र मानक आले. त्याप्रमाणे वाऱ्यात इमारतीचा माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकता कामा नये. शंभर मीटरच्या इमारतीला ही मर्यादा जेमतेम वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर. एवढे सरकणे हिशेबात धरलेले असते. ते सरकणे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला तीन-चार सेकंद लागतात, आणि बादलीतल्या पाण्यात तेच हलणे दिसते. माणसाला न कळणारे पाण्याला कळते. तैपेईत ५०८ मीटरची एक इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यांत ६६० टनांचा पोलादी गोळा तारांनी टांगलेला आहे. इमारत एकीकडे गेली की तो जरा मागे राहतो आणि तिला ओढून धरतो. देवळातला लामणदिवा आठवा, फक्त इथे दिवा घराला स्थिर करतो. तेव्हा तुमच्या मुलाचे ‘असेच असते’ हे खरे आहे. पण ते अर्धे खरे आहे. कारण हिशेबाप्रमाणे हलणे वेगळे आणि हिशेब कोणी न पाळल्यामुळे हलणे वेगळे, आणि बादलीत दोन्ही सारखीच दिसतात.

या दुसऱ्या अर्ध्याकडे जाण्यापूर्वी एका इमारतीपाशी थांबायचा मोह आवरत नाही, कारण तिचा कर्ता आपला. चार्ल्स कोरिया यांचे घराणे बार्देशातल्या मयड्याचे. पणजीची कला अकादमी त्यांची, हे इथे नाटके केलेल्या कोणाला सांगायला नको. मुंबईत कंबाला हिलवर त्यांनी १९८३ मध्ये पुरी झालेली कांचनजंगा उभी केली. २१ मीटर लांब-रुंद चौरस, ८४ मीटर उंच, आत बत्तीस घरे. मुंबईत मोठी अडचण अशी की वारा हवा तर तो पश्चिमेचा, समुद्राकडचा. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा त्याच दिशेने. जुन्या बंगल्याने यावर व्हरांडा शोधला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आभाळात नेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंच अशी उघडी गच्ची कापली. आता कोपरा कापायचा म्हणजे काय हे आम्हाला विचारा! इमारतीचा कोपरा ही खांबाची हक्काची जागा. तिथे खांब नाही म्हणजे मजले सव्वासहा मीटर अधांतरी बाहेर काढायचे, आणि वाऱ्याचा सगळा जोर मधल्या कोअरवर. तो कोअर आधी, एकसारखा सरकत्या साच्याने ओतत वर नेला आणि मग त्याच्याभोवती मजले आले. बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत आपल्या देशात तिथे पहिल्यांदा वापरली असे मानतात. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या रविवारी ती इमारत खालून बघायला गेलो होतो. रखवालदाराने हाकलले. सोप्यावर बसून पाऊस बघण्याची आपली सवय सत्ताविसाव्या मजल्यावर ठेवायची तर किती काँक्रीट लागते, ते त्या दिवशी कळले.

आणि याच कोरियांच्या कला अकादमीत, दुरुस्ती चालू असताना, जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. रात्रीची वेळ, कोणी खाली नव्हते. कोणाचे चुकले यावर पुष्कळ बोलून झाले आहे, मी त्यात भर घालत नाही.

भूकंपाकडे वळतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आपल्याकडेही जाणवला होता, इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गोवा आणि मुंबई दोन्ही भूकंपाच्या तिसऱ्या विभागात धरतात, म्हणजे मध्यम. वारा घराला बाहेरून ढकलतो. भूकंप पायाखालची जमीन ओढतो, आणि मग घराचे वजनच त्याच्या मुळावर येते. चालत्या बसने ब्रेक मारला की जड माणसाला सावरायला जास्त जोर लागतो, तसे. २६ जानेवारी २००१ ला भुजजवळ भूकंप झाला आणि दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादेत कित्येक नव्या इमारती पडल्या. वरचे मजले जवळजवळ अखंड, तळमजला चिरडलेला. कारण तळाला गाड्या ठेवायला मोकळी जागा हवी म्हणून तिथे नुसते खांब, आणि वर सगळीकडे विटांच्या भिंती. वरचा पेटारा घट्ट, पाय काटकुळे. हलताना सारे वाकणे त्या एका मजल्यावर आले. आज पर्वरीपासून पुण्यापर्यंत कुठेही जा, तळाला गाड्या आणि वर घरे हीच रीत आहे. ती करता येत नाही असे नाही, पण मग खालचे खांब आणि भिंती मुद्दाम जोरकस कराव्या लागतात. त्याला पैसे लागतात आणि एखादी गाडी कमी बसते.

खांबाच्या आतली एक बारीक गोष्ट सांगतो. खांबात उभ्या सळ्या असतात, आणि त्यांना ठरावीक अंतरावर वेढणाऱ्या बारीक सळईच्या रिंगा. पिंपाला पट्ट्या असतात तशा. रिंगेची टोके काटकोनात वळवली तर फिटरचे काम पटकन होते. पण भूकंपात वरचे काँक्रीट निखळले की काटकोनातले टोक उघडते, रिंग सुटते आणि पिंप फुटते. म्हणून टोक अजून आत, १३५ अंशांत वळवून खांबाच्या पोटात रुतवायचे. प्रत्येक रिंगेला दोनदा हात जास्त फिरवायचा, एवढाच फरक. चाळीस मजल्यांच्या इमारतीत अशा रिंगा लाखांनी असतात. त्यावर काँक्रीट पडले की पुन्हा त्या कोणालाही, कधीही दिसत नाहीत.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर जाहीरपणे कुठे बोललो नाही. १९९४ साल. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष झाले नव्हते. मुंबईच्या एका उपनगरात अठरा मजली इमारत चालली होती आणि मी तिच्यावर आमच्या कचेरीतर्फे देखरेखीला होतो. सातव्या मजल्याचे खांब ओतायचे होते. एप्रिलची दुपार. ओतण्याआधी सळ्या तपासून एक कागद भरावा लागतो, ओतताना जबाबदार माणूस तिथे उभा राहील असे त्यावर लिहिलेले असते, आणि खाली सही. मी सळ्या तपासल्या, सही केली आणि खाली कचेरीत पंख्याखाली जाऊन बसलो. जेवलो. थोडी डुलकीही लागली असेल.

काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचे हे सिमेंटच्या प्रमाणात ठरलेले असते. पाणी कमी तर मिश्रण घट्ट, खांबात उतरवायला कष्ट. पाणी जास्त तर ते पातळ आमटीसारखे धावते, काम झटपट होते, आणि सुकल्यावर जास्तीच्या पाण्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या दुपारी मिक्सरवरच्या पोराने पाणी वाढवले. उन्हात उभ्या त्या पोराला मी आज दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगायला ज्याने उभे राहायचे तो खाली होता.

काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. अपेक्षा होती २५ च्या आकड्याची. आला १८. तोवर वर आणखी दोन मजले चढले होते. मग खांबांतून गोल नमुने कापून काढले. नियम असा की त्यांची सरासरी अपेक्षेच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. तिथेही सरासरी १८ च्याच घरात. बिल्डर म्हणाला, ‘तुम्ही लोक दीडपट हिशेब धरताच ना? मग त्यात बसवा.’ हा युक्तिवाद पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटतो, म्हणून सांगतो. ती दीडपट आमच्या आळसासाठी राखलेली नसते. दगडात, सिमेंटात, वाऱ्यात, माणसांच्या वागण्यात जे आधी कळू शकत नाही, त्यासाठी असते. जे कळले आहे ते त्यात खपवले, तर न कळलेल्यासाठी काही उरत नाही.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. हिशेब असा फिरवून मांडता आला असता की खांब कागदावर पास झाले असते. दोन रात्री मी ते करून पाहिले. होत होते. तिसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांसमोर जाऊन सहीचा कागद ठेवला आणि मी तिथे नव्हतो असे सांगितले. साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग काम थांबले. त्या मजल्याच्या प्रत्येक खांबाला टेकू देऊन, चारही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर नव्या सळ्यांचे आणि काँक्रीटचे चिलखत चढवले. सहा आठवडे गेले. माझी बढती त्या वर्षी राहिली, पुढच्या वर्षी मिळाली.

पण सांगायचे ते हे नाही. त्या सातव्या मजल्यावर घर घेणाऱ्यांना यातले काही कळवले गेले नाही. खांब जाड का, असे कोणी विचारले की ‘डिझाइन’ असे उत्तर मिळे. मीही दिले आहे. इमारत भक्कम आहे, खरे तर त्या मजल्याला गरजेहून जास्त भक्कम आहे. तरी आज तिथे कोणी जागा वाढवायला तो जाड थर तासायला काढला, तर त्याला अडवणारा कागद त्या इमारतीत कोणाकडे नाही.

न्यूयॉर्कमध्ये सिटीकॉर्प नावाची ५९ मजली इमारत आहे. जागेच्या कोपऱ्यात एक चर्च होते, म्हणून इमारतीचे चार प्रचंड खांब कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्याला घेतले. १९७८ मध्ये, इमारत वापरात आल्यावर, तिचा रचनाकार विल्यम लेमेझ्युरिए याच्या लक्षात आले की कोपऱ्यावर तिरका येणारा वारा पुरेसा धरलेला नाही, आणि सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टांनी जोडले आहेत. त्याने स्वतः जाऊन मालकांना सांगितले. रात्री-रात्री वेल्डर आत जात, दिवसा कचेऱ्या चालू. काम पुरे झाले. आमच्या धंद्यात ही गोष्ट प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून शिकवतात. मला तिचा दुसरा भाग जास्त टोचतो: आतल्या आणि आजूबाजूच्या हजारो लोकांना ते १९९५ मध्ये एका नियतकालिकातल्या लेखातून कळले.

आपल्याकडे ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीवर चालू कामाची पाच मजली इमारत पडली. ३१ माणसे गेली, बहुतेक दूरदेशाहून आलेले मजूर. पाच मजले, म्हणजे उंच नव्हेच. वाऱ्याचा, भूकंपाचा तिथे प्रश्नच नव्हता, नुसते स्वतःचे वजन पेलायचे होते. त्यानंतर मला गावातून फोन आले, ‘आमच्या बिल्डिंगचे बघाल का?’ मी विचारी, नकाशे आहेत का? एकाकडेही नव्हते. विक्रीचा करार होता, सोसायटीचे भांडण होते, रंगाचे बिल होते. हाडांचा नकाशा नव्हता.

आणि नकाशा लागतो तो तीस वर्षांनी जास्त लागतो. आपली खारी, दमट हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत जाते आणि सळईला गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचे काँक्रीट आतून फुगून सुटते. तुमच्या गच्चीच्या खाली, सज्ज्याला ज्या उभ्या-आडव्या भेगा आणि तपकिरी डाग दिसतात ते हेच. त्यावर प्लास्टर मारणे म्हणजे तापावर पावडर लावणे. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल पडला, बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. त्याच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. मग आपण पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिलो. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींची रचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. चार मजल्यांच्या इमारतीला बांबूची परात बांधून खांब दुरुस्त करता येतात, मी केलेले आहेत. चाळीस मजल्यांच्या इमारतीचा बाराव्या मजल्यावरचा खांब, वर अठ्ठावीस मजल्यांची माणसे राहत असताना, कसा दुरुस्त करायचा, याचा अनुभव आपल्या देशात अजून फारसा कोणाला नाही. त्या इमारतींचे वय अजून तेवढे झालेले नाही. होणार आहे. तेव्हा तिथे वहिनींचे नातू राहत असतील.

ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे परत येईन म्हणालो होतो ते यासाठी. तो पडला तेव्हा आत कोणी राहत नव्हते.

वहिनी, तुम्हाला मी माझे उत्तर नीट दिले नव्हते, आता देतो. घर हलते ते बहुतेक ठीक आहे. ‘बहुतेक’ काढून टाकायला मला चार गोष्टी बघायच्या आहेत. तळाच्या पार्किंगमध्ये जाऊन खांब, आणि कोअरच्या भिंती जमिनीपर्यंत सलग आल्या आहेत का ते. सोसायटीकडे सळ्यांचे नकाशे आहेत का, आणि नसतील तर ते बिल्डरकडून लेखी मागितले आहेत का. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे निकाल. आणि कोणी आतल्या घरात जागा वाढवायला भिंत काढली असेल तर ती नुसता पडदा होती की हाड. मुलाला माझा निरोप सांगा, कागद जमवून ठेव म्हणावे. चवथ झाली की आपण दोघे जाऊ. रात्रीच्या गाडीने निघालो की सकाळी ठाण्याला उतरतो. बादली मात्र मी आल्यावरच भरून ठेवा, मला ती लय घड्याळावर मोजायची आहे.